पूर्ण जोरात वीस मिनिटं

आमच्या घरात नवी वस्तू वापरायची पद्धत नाही. वस्तू आणायची, तिच्यावरचं प्लास्टिक न काढता ती नीट ठेवून द्यायची आणि जुनीच वापरत राहायचं, अशी आमची रीत आहे. टीव्हीचा रिमोट पिशवीत आहे, त्यामुळे आवाज वाढवायला दोन्ही अंगठे लागतात. काचेच्या कपाटात सहा कपांचा एक सेट आहे, त्यात अजून कुणी चहा प्यायलेलं नाही. सोफ्यावर कव्हर आहे आणि कव्हर खराब होऊ नये म्हणून त्यावर चादर आहे. मूळ सोफ्याचा रंग मी हिरवा म्हणतो, बायको तपकिरी म्हणते. आई म्हणते, "कुठलाही असू दे, पण आहे अगदी जसाच्या तसा."

अशा घरात चार वर्षांपूर्वी कॅरॅव्हॅन आली. म्हणजे गाडीच्या मागे जोडून ओढत न्यायची खोली. दोन बाकं, त्यांचेच रात्री पलंग होतात, एक छोटा ओटा, एक खिडकी जी उघडते आणि एक जी उघडत नाही. आई तिला 'चाकांची खोली' म्हणते. त्या खोलीत एका बाकाखाली डिझेलवर चालणारा हीटर आहे आणि ही सगळी हकिगत त्याची आहे. तो बुटांच्या खोक्याएवढा आहे. टाकीतून डिझेल ओढतो, पोटात जाळतो, धूर तळातल्या नळीतून बाहेर सोडतो आणि गरम हवा तेवढी आत देतो. हे सगळं मी नंतर शिकलो. तोवर मला त्याचं बटण तेवढं माहीत होतं.

त्या हीटरला मी जितकं जपलं तितकं स्वतःच्या दातांना जपलं नाही. गरम हवेच्या झरोक्यावर आईकडून कापडी टोपी शिवून घेतली. माहितीपुस्तिका पाकिटातून बाहेरच काढली नाही, कारण पानं दुमडतात. पाहुणे आले की त्यांना नेऊन हीटर दोन मिनिटं चालवून दाखवायचा, तोही एक नंबरवर, म्हणजे सगळ्यात कमी. हवा जरा कोमट झाली की लगेच बंद. "उत्तम चालतो," असं म्हणून मी टोपी पुन्हा घालायचो. टाकी काठोकाठ भरलेली होती आणि शिवाय दहा-दहा लिटरचे दोन कॅन पुढच्या कप्प्यात भरून ठेवले होते. चार वर्षांत आम्ही कॅरॅव्हॅन घेऊन तीनदा बाहेर गेलो, तिन्ही वेळा उन्हाळ्यात. थंडीत गेलो असतो तर हीटर वापरावा लागला असता.

तर त्या सोमवारी सकाळी मावशीचा फोन आला. मावशी म्हणजे आईची थोरली बहीण. वर डोंगरात राहते, आमच्याकडून दिवसभराचा रस्ता. तिची मुलगी तिला कायमची आपल्याकडे नेणार होती, समुद्रापलीकडे. तिकीट पुढच्याच सोमवारचं. सामान विकून झालं होतं, शेगडीसुद्धा; घरात दोन खुर्च्या आणि खोकी उरली होती. दोघी बहिणींची सहा वर्षांत गाठ पडली नव्हती. याला कारण मी. दर वर्षी मीच म्हणायचो, "आत्ता घाईघाईत नको, पुढच्या वर्षी नीट, निवांत जाऊ."

आईनं फोन ठेवला आणि म्हणाली, "शनिवारी निघायचं."

आता इथे अडचण अशी की आईच्या गुडघ्यांना थंडी अजिबात चालत नाही. डॉक्टरांनी स्पष्ट बजावलेलं, ऊब नसेल तिथे जायचंच नाही, एकदा गुडघे धरले की आठवडाभर सुटणार नाहीत. डोंगरात या दिवसांत दवाचा बर्फ होतो. हॉटेलं हंगाम संपल्यामुळे बंद होती. एक उघडं होतं, त्याला बेचाळीस पायऱ्या होत्या.

"तुझ्या चाकांच्या खोलीत हीटर आहे ना?" आईनं विचारलं.

"आहे म्हणजे काय! नवाकोरा आहे," मी म्हणालो. बायकोनं माझ्याकडे पाहिलं. लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाल्यावर बायकोला काही बोलावं लागत नाही.

मंगळवारी सकाळी मी शेडमध्ये गेलो, टोपी काढली आणि बटण दाबलं. पंप टिकटिक करू लागला. पंखा फिरला. मग कॅरॅव्हॅनखालच्या नळीतून पांढरा धूर निघाला आणि तो थांबेचना. शेजारच्या अंगणात दोरीवर चार चादरी वाळत होत्या. धूर आधी थोडा घुटमळला, मग त्यांच्याकडे वळला. हीटर तीन मिनिटं कण्हला, खोकला आणि बंद पडला. पडद्यावर 'ई-१०' अशी अक्षरं आली.

शेजारचे कप्तान कुंपणाशी हजर झाले. कप्तान हे नदीवरच्या फेरीबोटीच्या तिकीटखिडकीवर होते. कप्तान ही पदवी त्यांनी निवृत्तीनंतर स्वतःच घेतली, आणि कॉलनीनं ती मान्य केली, कारण ते न मानणाऱ्याला तासभर समजावतात.

"पंपाला हवा लागली आहे, बरं का," ते म्हणाले. "बोटीच्या इंजिनाचंही असंच व्हायचं."

"मग काय करतात?"

"नळी काढायची आणि तोंडानं ओढायचं. दुसरा उपाय नाही."

मी सुशिक्षित माणूस आहे. एकतीस वर्षं नगरपालिकेच्या दप्तरात काढली आहेत. तरीही मी नळी तोंडात धरून ओढलं. पुढचे दोन दिवस मला चहात, पाण्यात आणि एकदा तर टूथपेस्टमध्येही डिझेल लागत होतं. हीटर मात्र लागला नाही. आणखी दोनदा प्रयत्न केल्यावर तर त्यानं बटणाला दाद द्यायलाही नकार दिला, पडद्यावर कुलपाचं चित्र आलं. तेवढ्यात कप्तानांच्या सौभाग्यवती बाहेर आल्या आणि त्यांनी चादरींकडे पाहिलं. त्यांनी चादरी पुन्हा धुतल्या आणि वाळत घालायला माझ्या हातात दिल्या. भर रस्त्यावरून कार्यालयातले दोन जुने सहकारी जात होते, त्यांनी मला शेजारच्यांच्या चादरी वाळत घालताना पाहिलं. मी मान हलवली, जणू हे माझं रोजचंच काम आहे.

दुपारी बायकोनं माहितीपुस्तिकेचं पाकीट फाडलं. तो आवाज ऐकून माझ्या काळजात चर्र झालं, पण आता इलाज नव्हता. पहिल्याच पानावर ठळक अक्षरांत लिहिलं होतं: 'हीटर महिन्यातून किमान एकदा पूर्ण जोरात वीस मिनिटं चालवावा. कमी जोरात थोडा थोडा वेळ चालवल्यास आत काजळी साचून तो निकामी होतो.' त्याखाली: 'साठवलेलं डिझेल सहा महिन्यांपेक्षा जुनं असल्यास वापरू नये.'

बायकोनं हे दोन्ही मोठ्यानं वाचलं. मग पुन्हा एकदा वाचलं, सावकाश.

"म्हणजे वापरला नाही म्हणून बिघडला?" आईनं विचारलं. मी म्हणालो की यंत्रांच्या बाबतीत असे अपवाद असतात.

त्याच वेळी मेहुणा आला. बायकोचा हा धाकटा भाऊ बरोबर अशाच वेळी कसा येतो ते मला आजवर कळलेलं नाही. त्यानं अंगठ्यानं कॅरॅव्हॅनकडे खूण केली. "भावजी, विकून टाका हो. आणि मावशींना व्हिडिओ कॉल लावून द्या. समोरासमोर बसल्यासारखंच."

आई तिथेच बसली होती. हातातली वाटी तिनं जरा जोरात ठेवली. त्या क्षणी मी मनाशी ठरवलं की हीटर मी स्वतः चालू करीन आणि शनिवारी आई वर जाईल. मेहुण्याला मी फक्त एवढंच म्हणालो, "शनिवारी ये, टाटा करायला."

बुधवारी मी टाकीतलं आणि कॅनमधलं डिझेल पारदर्शक बाटलीत काढून बघितलं. वरचा थर चहाच्या रंगाचा होता. त्याखाली पाणी. आणि दोन्हींच्या मध्ये काळपट, बुळबुळीत असं काहीतरी तरंगत होतं. साठवलेल्या डिझेलमध्ये हवेतल्या ओलाव्याचं पाणी साचतं आणि त्या पाण्याच्या कडेला बुरशी वाढते, असं पुस्तिकेत लिहिलं होतं. मी इतक्या काळजीनं जे सांभाळलं ती बुरशी होती.

हे डिझेल गटारात ओतता येत नाही, आणि मी ते ओतलंही नसतं. नगरपालिकेचं टाकाऊ तेल जमा करण्याचं केंद्र आहे. टाकी उपसून बायको आणि मी सगळे कॅन घेऊन तिथे गेलो. खिडकीतल्या कारकुनानं 'नमुना नऊ' नावाचा फॉर्म दिला. मी तो भरू लागलो आणि चौथ्या रकान्यापाशी पेन थांबलं. चौथा रकाना होता: 'तेल ज्या इंजिनातून काढले त्याचा क्रमांक.'

"कॅरॅव्हॅनला इंजिन नसतं," मी म्हणालो.

"मग डिझेल कशाला घेतलं?" कारकून म्हणाला.

"हीटरसाठी."

"हीटर इंजिन आहे का?"

"नाही."

"मग हे डिझेल नियमाप्रमाणे कुठूनच आलेलं नाही," तो म्हणाला. "जे कुठून आलेलंच नाही ते मी जमा कसं करून घेऊ?"

यावर बोलण्यासारखं माझ्याकडे पुष्कळ होतं, पण मी बोललो नाही. कारण 'नमुना नऊ'मधला चौथा रकाना मीच घातलेला होता. एकोणीस वर्षांपूर्वी, साहेबांच्या सहीनं, पण शब्द माझे. फॉर्मच्या मागे 'इंजिन नसल्यास यंत्राचे नाव लिहावे' अशी एक तळटीपही होती. पुढे छपाईचा खर्च वाचवण्यासाठी मागची बाजू कोरी ठेवायची सूचना आली, तेव्हा ती तळटीप काढणाराही मीच. त्याबद्दल मला कौतुकाचं पत्र मिळालं होतं, ते अजून फाइलमध्ये आहे.

"कुठल्या शहाण्यानं हा रकाना घातलाय, कुणास ठाऊक," कारकून म्हणाला. बायको मान वळवून भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघू लागली. तिचे खांदे हलत होते.

कारकुनानं तोडगा सांगितला, तेल कुठे साठवलं होतं त्याचं कॉलनीच्या चिटणिसांचं पत्र आणा. आम्ही कॅन गाडीत घालून परत आलो. चिटणीस म्हणाले, "पत्र देतो की. पण कॉलनीत डिझेल साठवायला बंदी आहे. मी पत्र दिलं तर आधी तुम्हाला नोटीस द्यावी लागेल, आणि नोटिशीला उत्तर द्यायला पंधरा दिवस." पंधरा दिवसांनी मावशी समुद्रापलीकडे पोहोचून तिला तिथली सवयही झाली असती.

आम्ही पुन्हा केंद्रावर गेलो. मी रस्ताभर एक अर्ज मनात रचत होतो, त्यात 'सविनय' तीनदा येत होतं. बायको खिडकीपाशी जाऊन म्हणाली, "भाऊ, त्या रकान्यात नंबर लागतो ना? हीटरला नंबर आहे."

"आहे का? लिहा मग," कारकून म्हणाला. "रकाना रिकामा असला की कॉम्प्युटर पुढे जात नाही. कसला नंबर हे त्याला कळत नाही."

हीटरचा नंबर त्याच्या गॅरंटी कार्डावर होता. गॅरंटी दोन वर्षांपूर्वी संपली होती, पण कार्ड मी लॅमिनेट करून खिशातल्या पाकिटात ठेवलेलं होतं. मी ते खिडकीवर ठेवलं आणि बायकोकडे जरा ताठ मानेनं पाहिलं. बघ, जपून ठेवलं की असं उपयोगी पडतं. ती म्हणाली, "कॅन उचला."

गुरुवारी सकाळी मी गावाबाहेरच्या गॅरेजात गेलो. तिथे असले हीटर दुरुस्त करणाऱ्या एक मेकॅनिकबाई आहेत. कोपरापर्यंत काळे हात, केस रुमालात बांधलेले. त्यांनी विचारलं, "एका वेळी किती वेळ चालवता?"

"दोन मिनिटं."

"कुठल्या नंबरवर?"

"एक."

बाईंनी हातातला पाना खाली ठेवला. "काका, यापेक्षा त्याला हातोडीनं मारलं असतं तर बरं झालं असतं. तेवढं तरी लवकर संपलं असतं."

त्यांच्याकडे तीन आठवडे कुणाचंच काम घ्यायला सवड नव्हती. मी त्यांना मावशीचं सांगितलं. मला वाटतं, माझा आवाज जरा हलला असावा, कारण बाईंनी स्टूल पुढे सरकवलं आणि अर्धा तास मला नीट समजावून सांगितलं. जळणाच्या डब्याचे चार स्क्रू कसे काढायचे, काजळी लाकडी काडीनं कशी खरवडायची, पेटवणारी कांडी कशी पुसायची, पडद्यावरचं कुलूप कसं काढायचं. एका पिशवीत त्यांनी नवी जाळी, सांध्यात बसणारं नवं गॅस्केट आणि नवा फिल्टर घालून दिला. "तिन्ही बदलायचे. तिन्ही. आणि चालू झाल्यावर पूर्ण जोरात वीस मिनिटं. घाबरायचं नाही," त्या म्हणाल्या. मी 'तिन्ही' हा शब्द वहीत लिहून घेतला आणि खाली रेघ मारली. हे मी मुद्दाम सांगतोय.

दुपारी हीटर काढून जेवणाच्या टेबलावर आणला. बायकोनं टेबलावर वर्तमानपत्र घातलं. डबा उघडल्यावर आत काळ्या काजळीचे थरावर थर होते, दोन मिनिटांचे, पाहुण्यापाहुण्यांचे. मी काडी घेऊन खरवडू लागलो तर आई खुर्ची ओढून समोर बसली.

"दे इकडे. तुझे हात जाड आहेत."

तिनं चष्मा लावला आणि खरवडायला सुरुवात केली. गुडघे आईचे वाईट, हात नाहीत. ती एकेक कोपरा घेत होती आणि मध्येच म्हणाली, "लहानपणी आमच्या खोलीत कंदील होता. त्याची काच पुसायची पाळी आम्हा दोघींची. ताई पुसायची नाही. माझ्याकडून पुसून घ्यायची आणि आईला सांगायची मीच पुसली." ती थोडा वेळ खरवडत राहिली. "तिला विचारायचंय मला. कबूल करते का बघू."

मी फिल्टरकडे वळलो. आता इथे माझ्या हातून जे घडलं ते प्रांजळपणे सांगतो. जुना फिल्टर मी रॉकेलमध्ये धुतला. धुतल्यावर तो चांगला दिसू लागला. अगदी चांगला. आणि नवा फिल्टर सीलबंद पाकिटात होता, त्यावर एक सुरकुतीसुद्धा नव्हती. असं पाकीट फाडायला आमच्या घराण्यात मन धजत नाही. जाळी बदलली, गॅस्केट बदललं. फिल्टर जुनाच बसवला आणि नवा कोटाच्या आतल्या खिशात ठेवला, पुढे कधी लागला तर असावा म्हणून. बायकोनं विचारलं, "तिन्ही बदललेत ना?" मी म्हणालो, "झालं सगळं." यात खोटं काहीच नव्हतं, खरंही फारसं नव्हतं.

शुक्रवारी हीटर परत बसवला. दोन स्क्रू उरले. आम्ही एक तास घालवला तेव्हा एकाची जागा सापडली. दुसरा फारच लहान होता. शेवटी कळलं की तो कप्तानांच्या चष्म्याचा आहे, ते वाकून सल्ला देत असताना पडलेला. त्यांची काडी मी बसवून दिली, त्यामुळे त्यांना पुढचा सल्ला नीट बघून देता आला. टाकीत ताजं डिझेल भरलं, कॅन रिकामे ठेवले. मी बटणाकडे हात नेला तर बायकोनं माझं मनगट धरलं. हीटरच्या धुरातला विषारी वायू आत आला तर ओरडणारा एक भोंगा आम्ही कॅरॅव्हॅनबरोबरच घेतला होता, तो अर्थातच डब्यात होता. तिनं डबा फाडला, भोंगा भिंतीवर बसवला, बॅटरी घातली, तपासून पाहिला. "आता दाबा."

टिक, टिक, टिक. पंखा. थोडा पांढरा धूर, मग तोही विरला. आणि झरोक्यातून गरम हवा आली. मेहुणा दारात उभा होता. मी त्याच्याकडे न बघता उभा राहिलो, पण तो बघतोय याकडे माझं लक्ष होतं. हवा कोमट झाली आणि माझा हात आपोआप बटणाकडे गेला, बंद करायला. आईनं बाहेरून हाक मारली, "वीस मिनिटं!" मग आम्ही वीस मिनिटं तिथे उभे राहिलो. मेहुण्यानं स्वेटर काढला.

शनिवारी पहाटे निघालो आणि दुपारी चारला वर पोहोचलो. मावशी दारातच उभी होती. आईला गाडीतून उतरवायला दोन माणसं लागली, वाटेतल्या थंडीनं गुडघे धरायला सुरुवात झाली होती. दोघी बहिणी अंगणात एकमेकींचा हात धरून उभ्या राहिल्या आणि पहिलं वाक्य मावशी बोलली, "किती वाळलीस." आई म्हणाली, "आणि तू किती फुगलीस." मग दोघींनी डोळे पुसले. मावशीच्या घरात शिरलो तर आत बाहेरच्यापेक्षा गार होतं. आम्ही लगेच सगळे कॅरॅव्हॅनमध्ये आलो आणि मी बटण दाबलं, पूर्ण जोरात.

दहा मिनिटं झकास गेली. मग पंपाची टिकटिक अडखळली. पंखा घुरघुरला. झरोक्यातली हवा कोमट झाली, मग गार झाली आणि पडद्यावर 'ई-८' आलं. बायकोनं पुस्तिका उघडली. "इंधन पोहोचत नाही."

सूर्य डोंगराआड चालला होता. खिडकीच्या काचेवर आतून वाफ धरत होती. आईनं दोन्ही तळवे गुडघ्यांवर ठेवले आणि अगदी शांतपणे म्हणाली, "मग आपण डोंगराखालच्या गावात जाऊ. उद्या दुपारी ऊन असताना येऊन भेटून जाईन तासभर. चालेल." शेवटचं 'चालेल' ती मावशीला नाही, मला म्हणाली. मला वाईट वाटू नये म्हणून.

सहा वर्षं पुढे ढकलून झाल्यावर आता एक तास. मी कोटाच्या आतल्या खिशात हात घातला.

"मी फिल्टर बदलला नव्हता," मी म्हणालो. "जुना धुऊन बसवला होता. नवा माझ्याजवळ आहे." आणि सीलबंद पाकीट बाहेर काढलं.

बायकोनं डोळे मिटले. मला वाटलं आता जे होईल ते होईल. पण मावशीच हसायला लागली. ती इतकी हसली की तिला बाकाचा आधार घ्यावा लागला. "अगं, हा तर अगदी तुझाच आहे!" ती आईला म्हणाली. आईला यात हसण्यासारखं काय ते कळलं नाही, पण मावशी हसते म्हणून तीही हसू लागली.

मी पाकीट फाडलं. दातांनी फाडलं. मग कॅरॅव्हॅनखाली गारठलेल्या जमिनीवर पाठ टेकून आडवा झालो आणि बायकोनं टॉर्च धरला. जुना फिल्टर काढला तर त्यातून तीच काळी बुळबुळ निघाली आणि नेमकी माझ्या कॉलरमध्ये गेली. बोटं बधिर झाली होती. नळी दोनदा निसटली. पण त्या दिवशी ते काम मी अर्धवट सोडलं नसतं, दव अंगावर गोठलं असतं तरी. अर्ध्या तासानं मी वर आलो आणि बटण दाबलं. टिक, टिक, टिक. पंख्याचा आवाज चढत गेला आणि चढलेलाच राहिला.

पंधरा मिनिटांत आतली खोली अशी तापली की काचेवरच्या वाफेचं पाणी होऊन ओघळ खाली आले. आईनं पाय लांब केले. कंदिलाचा खटला सुरू झाला. मावशीनं साफ नाकारलं, मग म्हणाली की फार तर दोनदा असं झालं असेल, आणि आई म्हणाली, "दोनदा? अगं दोन वर्षं!" मी दाराशी बसून कॉलर पुसत होतो.

मग आईनं पिशवीतून एक शाल काढली. सहा वर्षांपूर्वी मावशीसाठी घेतलेली, पुढच्या भेटीला द्यायची म्हणून ट्रंकेत ठेवलेली. घडीवर दुकानाचा कागद तसाच होता आणि एका कोपऱ्याला कसरीनं खाल्लेलं बारीकसं भोक पडलं होतं. आईनं त्या भोकावर बोट ठेवलं. मावशीनं शाल हातात घेतली, कुरवाळली आणि परत घडी घालू लागली. "केवढी छान आहे. तिकडे गेल्यावर काढीन, काही कार्यक्रम असला की."

"नाही," आई म्हणाली. "आत्ता घाल. माझ्यासमोर."

"अगं, केवढं उकडतंय इथं!"

"असू दे. घाल."

मावशीनं शाल पांघरली. कपाळावर घाम, गाल लाल, आणि शाल गळ्यापर्यंत घट्ट ओढलेली. आई तिच्याकडे बघत राहिली, घाम पुसायचंही तिला सुचलं नाही. माझा हात सवयीनं बटणाकडे गेला, थोडा कमी करावा म्हणून.

आईनं माझ्याकडे न बघताच सांगितलं, "राहू दे रे. कशासाठी ठेवायचं आता?"

मी उघडणारी खिडकी उघडली आणि बटण तसंच राहू दिलं, पूर्ण जोरात.